मोची

चिकट तांदळापासून बनविण्यात येणारा जपानमधील एक पारंपरिक खाद्यपदार्थ. त्यासाठी वापरावयाच्या तांदळास जपानी भाषेत ‘मोचीगोमे’ म्हणतात. तो भाताचाच (ओरायझा सॅटिव्हा) एक प्रकार असून त्याचा दाणा आखूड व दुधी पांढरा असतो. साध्या तांदळातील स्टार्चात ॲमिलोज व ॲमिलोपेक्टीन असे दोन घटक असतात. मोचीगोमेमध्ये ॲमिलोज जवळजवळ नसते. शाखायुक्त ॲमिलोपेक्टिनामुळे शिजविल्यावर त्यास चिकटपणा येतो. गव्हातील ग्लुटेन त्यात नसते.

कृती : धुतलेला तांदूळ रात्रभर भिजवून वाफवितात. नंतर तो उखळीत (उसू) घालून लाकडी हातोड्याने (किने) कुटतात. एकजण कुटत असता दुसरा दोन घावांमधील अवधीत ओल्या हाताने गोळा उलटतो. दाणे पूर्ण मोडून गोळा एकजीव झाला, की त्याचे लहान गोळे वा वड्या करतात. घरोघरी आता विद्युत् यंत्रेही वापरतात. साधी मोची एक-दोन दिवसांत कडक होते व भाजल्यास वा उकळल्यास पुन्हा मऊ होते. साखर पाणी धरून ठेवीत असल्यामुळे गोड मोची अधिक काळ मऊ राहते.

प्रकार : ‘दाइफुकू’मध्ये आझुकी या कडधान्याचे गोड पुरण भरतात. आझुकी ही मूग, उडीद व चवळी यांच्याच विग्ना प्रजातीतील आहे. ३ मार्च रोजी साजऱ्या होणाऱ्या बाहुल्यांच्या सणात गुलाबी, पांढऱ्या व हिरव्या थरांची ‘हिशीमोची’ मांडतात. नववर्षाच्या वेळी एकावर एक ठेवलेल्या दोन चकत्यांची ‘कागामी मोची’ देवास अर्पण करतात.

आहारमूल्य : १०० ग्रॅ. साध्या मोचीत सु. ४५ ग्रॅ. पाणी, ५० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे, ४ ग्रॅ. प्रथिने व १ ग्रॅमपेक्षा कमी वसा असून तीपासून सु. २२० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेवढ्याच वजनाच्या शिजविलेल्या भातापासून सु. १५५ किलोकॅलरी मिळतात. मोचीत पाणी कमी असल्यामुळे हा फरक पडतो. तांदळाच्या प्रथिनात लायसीन या ॲमिनो अम्लाची उणीव असते; ती आझुकीच्या पुरणामुळे काहीशी भरून निघते. मात्र पुरणातील साखरेमुळे ऊर्जाही वाढते. ॲमिलोपेक्टिनाचे पचन जलद होऊन रक्तातील शर्करा लवकर वाढत असल्याने मधुमेही व्यक्तींनी मोची बेताने खावी.

चिकट घास घशात अडकून श्वास कोंडण्याचा धोकाही असतो. नववर्षाच्या सुमारास जपानमध्ये अशा दुर्घटनांत मृत्यू घडतात व त्यांत वृद्धांचे प्रमाण अधिक असते. म्हणून मोचीचे लहान तुकडे करणे, प्रथम पाणी वा सूप पिऊन घसा ओला करणे व प्रत्येक घास सावकाश चावून खाणे आवश्यक असते.