गांधारी ते गंगूबाई!

एकाच गायिकेचे दोन आवाज. मधे काय घडलं, ते जुन्या तबकड्यांचं नवं संकलन सांगतं…

शुक्रवारची रात्र, शेवटची लोकल, कानात हेडफोन. आधी थोडी खरखर, मग एक कोवळा, उंच, अगदी मुलीसारखा आवाज. मोबाइलवर नाव पाहिलं : गंगूबाई हनगल. म्हटलं, कुणीतरी चुकीचं नाव टाकलंय!

कारण माझ्या डोक्यातल्या गंगूबाई म्हणजे आजोबांच्या कॅसेटमधल्या. तो आवाज जाड, भारदस्त. डोळे मिटून ऐकलं, तर पुरुष गातोय असंच वाटायचं.

पण नाव बरोबर होतं. या संकलनातली गाणी १९३०च्या दशकातली, ७८ आरपीएम तबकड्यांवरून घेतलेली. तेव्हा एचएमव्हीच्या लेबलवर त्यांचं नाव छापलं जायचं ‘गांधारी’. ख्यालांबरोबर मराठी भावगीतंही त्यांनी गायली, जी. एन. जोशींसोबत द्वंद्वगीतसुद्धा! लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यात सगळा राग बसवायचा, तोही एका दमात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि घराणं किराणा, म्हणजे एकेक सूर निवांतपणे खुलवणारं. विचार करा!

त्यांचा जन्म १९१३चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. मुलगी हिंदुस्थानी शिकतेय, तिच्या कानावर दुसरं वळण नको, म्हणून त्यांनी स्वतःचं गाणंच थांबवलं. आपल्या करिअरच्या गप्पांमध्ये हे बसतं का कुठे? पुढे गंगूबाई सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जायच्या. लोकलमध्ये हे आठवलं आणि माझं अप-डाउन एकदम फिकं पडलं.

मग १९४०च्या दशकात घशाचं दुखणं आलं. टॉन्सिल्सवर उपचार झाले, आणि आवाज खाली उतरला. तबकड्यांमधला तो आवाज परत आलाच नाही.

इथे मी गाणं थांबवलं. कारण माझंही थोडं असंच झालंय. मास कॉम संपवून मी एका रेडिओ स्टेशनवर लागले. सकाळचा शो, रोज चार तास बडबड. दीड वर्षात घशात गाठी आल्या. डॉक्टरांनी दोन महिने तोंड उघडायला बंदी केली. आवाज परत आला, पण घोगरा. शो तोवर दुसरीकडे गेला होता. आता मी लिहिते. फोनवर कुरिअरवाले मला ‘सर’ म्हणतात. जुने शो पेनड्राइव्हवर आहेत, पण मी ते कधी लावत नाही.

गंगूबाईंनी मात्र जुना आवाज शोधत बसण्याऐवजी नव्या आवाजाचं गाणं घडवलं. खालच्या पट्टीत, ठाम, कुठेही नाजूकपणाचा आव नाही. याच आवाजाने त्यांना १९७१ साली पद्मभूषण आणि २००२ साली पद्मविभूषण मिळालं. नव्वदी ओलांडल्यावरही त्या मैफलीत गायल्या. २००९ साली त्या गेल्या.

म्हणून एक सांगते. संकलनातली दोन-तीन गाणी ऐका आणि लगेच त्यांचं उतारवयातलं कुठलंही रेकॉर्डिंग लावा. शास्त्रीय कळत नाही म्हणणाऱ्यांनाही फरक ऐकू येईल. आणि थोड्या वेळाने साम्यही. सुरावर थांबायची हिंमत दोन्हीकडे तीच आहे.

रविवारी मी तो पेनड्राइव्ह शोधून काढला. पहिला शो पूर्ण ऐकला. पोरगी छान बोलायची हो, फक्त जरा जास्तच भरभर!