चरबीचा सांगावा

शरीरातील चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी भरून ठेवलेली कणगी, असे आपण वर्गात सांगत आलो आहोत. जास्तीचे खाल्ले की कणगीत भर पडते, उपास घडला की तिच्यातून उचल होते. हे बरोबरच आहे. पण त्यात एक अडचण आहे आणि ती साध्या हिशेबाने दाखवता येते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते. रोज २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाने फक्त एक टक्का, म्हणजे २० किलोकॅलरी जास्त घेतल्या (अर्धा चहाचा चमचा तेलात तेवढ्या असतात), तर वर्षाकाठी ७,३०० किलोकॅलरी शिल्लक राहतील. म्हणजे वर्षाला जवळजवळ एक किलो आणि पंचवीस वर्षांत, निदान कागदावर तरी, चोवीस किलो! जेवताना एक टक्क्याचा हिशेब कोण ठेवतो? तरीही पुष्कळ माणसांचे वजन वर्षानुवर्षे फारसे हलत नाही. तेव्हा शरीरात कोठेतरी हा जमाखर्च मांडला जात असला पाहिजे.

मांडणारा कोण, याचा अंदाज फार पूर्वीच आला होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाला इजा झालेले उंदीर बेसुमार खात सुटतात आणि लठ्ठ होतात. पण मेंदू वर, चरबी खाली पोटात आणि कातडीखाली. कणगीत किती शिल्लक आहे हे मेंदूला कळते कसे? चरबीच्या साठ्याशी निगडित असा काही संकेत रक्तातून मेंदूकडे जात असावा, अशी कल्पना केनेडी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडली. संकेत मात्र कोणाच्या हाती लागला नव्हता.

तो लागला उंदरांमुळे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ मध्ये उंदरांच्या एका कुळात काही पिल्ले अफाट लठ्ठ निपजली. ती सतत खात, हालचाल कमी करीत आणि नेहमीच्या उंदराच्या जवळजवळ तिप्पट वजनाची होत. दोष एकाच जनुकात होता. त्या जनुकाला 'ओबी' नाव मिळाले. १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या एका जातीची नोंद झाली. तीही तशीच लठ्ठ, शिवाय तीव्र मधुमेही. तिचे जनुक 'डीबी'. दिसायला दोन्ही सारखी, पण जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर.

डग्लस कोलमन या जीवरसायनशास्त्रज्ञाने येथे एक प्रयोग केला. दोन उंदरांची कातडी एकमेकांस शिवून टाकली, की काही दिवसांत त्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जुळतात आणि एकाच्या रक्तातील पदार्थ थोड्या प्रमाणात दुसऱ्याकडे पोहोचू लागतात. प्रयोग वाचून अंगावर शहारा येतो, हे खरे. पण त्यामागची युक्ती शिकवण्याजोगी आहे. आमची शिक्षकांना सूचना अशी, की पुढील तीन निष्कर्ष फळ्यावर लिहावेत, आणि अर्थ विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा.

पहिली जोडी: डीबी उंदीर आणि साधा उंदीर. साध्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी मात्र खात राहिला, लठ्ठच राहिला. दुसरी जोडी: डीबी आणि ओबी. या वेळी ओबीने अन्न सोडले आणि तोही उपाशी मेला. तिसरी जोडी: ओबी आणि साधा. कोणीच मेले नाही. उलट ओबी कमी खाऊ लागला आणि त्याचे वजन वाढणे मंदावले.

अर्थ असा निघतो. डीबी उंदराच्या रक्तात 'पुरे, साठा भरला' असे सांगणारा पदार्थ भरपूर आहे, पण त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. शेजाऱ्याला मात्र इतका मोठ्याने ऐकू येतो की तो जेवणच सोडतो. ओबी उंदराला ऐकू येते, पण त्याच्याकडे तो पदार्थच नाही. म्हणजे एकात सांगावा धाडणारा नाही आणि दुसऱ्यात ऐकणारा कान नाही. हे कोलमनने १९७० च्या सुमारास सांगितले, तेव्हा पुष्कळांना पटले नाही. लठ्ठपणा हा जिभेवर ताबा नसल्याचा परिणाम, ही समजूत शास्त्रज्ञांतही घट्ट होती. आणि पदार्थ हाती येत नव्हता, हेही होतेच.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थाऐवजी जनुकाचाच माग काढला. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर डिसेंबर १९९४ मध्ये त्यांनी ओबी जनुक सापडल्याचे जाहीर केले. हे जनुक प्रामुख्याने मेदपेशींतच काम करते आणि १६७ अमिनो आम्लांचे प्रथिन घडवते. त्यातील पहिली २१ छाटली जाऊन उरलेला १४६ अमिनो आम्लांचा भाग रक्तात येतो. बार हार्बरच्या उंदरांत १०५ व्या जागी 'थांबा' अशी चुकीची खूण पडल्याने प्रथिन अर्धवटच राहत होते. या संप्रेरकाला 'लेप्टिन' नाव दिले गेले. ग्रीक भाषेत 'लेप्टॉस' म्हणजे सडपातळ. १९९५ मध्ये ओबी उंदरांना ते टोचले तेव्हा त्यांची भूक आणि वजन झपाट्याने उतरले. डीबी उंदरांवर परिणाम झाला नाही. लेप्टिनचा ग्राही त्याच वर्षी सापडला आणि डीबी उंदरांचा दोष तेथेच असल्याचे दिसून आले.

माणसाचे काय? १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन चुलत भावंडांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. जन्मतः दोघांचीही वजने सर्वसाधारण होती. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. अशा मुलांची भूक आपल्या कल्पनेपलीकडची असते. ताट उचलले की ती आकांत करतात. मुलीला रोज लेप्टिन टोचण्यास सुरुवात झाल्यावर वर्षभरात तिचे सुमारे १६ किलो वजन उतरले. वर्गातल्या जाड मुलाला 'खादाड' म्हणण्यापूर्वी ही मुलगी आठवावी, असे आम्हांस वाटते.

पण असा दोष असलेली कुटुंबे जगात मोजकीच आहेत. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हे, उलट जास्तच असते, हे १९९६ पर्यंत स्पष्ट झाले होते. त्यांचा मेंदू या हाकेला दाद देत नाही. त्यामुळे लेप्टिन टोचून सर्वांचा लठ्ठपणा घालवण्याची आशा फोल ठरली. (गेल्या काही वर्षांत गाजणारी वजन उतरवणारी इंजेक्शने आतड्यातील एका वेगळ्याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेली आहेत, लेप्टिनशी त्यांचा गोंधळ करू नये.)

मग लेप्टिनचे खरे काम कोणते? १९९६ मध्ये उपाशी ठेवलेल्या उंदरांना बाहेरून लेप्टिन दिले गेले. उपासमारीत थायरॉइड व जननसंस्थेची संप्रेरके मंदावतात. तसे होणे या उंदरांत बऱ्याच अंशी टळले. म्हणजे लेप्टिन वाढणे हा 'थांबा' असा जोरकस हुकूम नसून, ते घटणे ही दुष्काळाची दवंडी आहे. ती ऐकताच शरीर भूक वाढवते, खर्च आवरते आणि प्रजननासारखी खर्चिक कामे पुढे ढकलते. उत्क्रांतीच्या हिशेबात हे साहजिकच वाटते. टंचाईकडे दुर्लक्ष करणारा प्राणी टिकला नसता. नेटाने वजन उतरवलेल्या माणसाला ते पुन्हा का छळते, याचेही एक कारण हेच.

चरबी अजिबात नसणे मात्र भाग्याचे नाही. एका दुर्मिळ विकारात शरीरात मेदपेशीच नीट तयार होत नाहीत. साठवायला जागा नसल्याने मेद यकृतात व स्नायूंत शिरतो, आणि किडकिडीत माणसाला तीव्र मधुमेह होतो. अशा रुग्णांना लेप्टिनचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेत २०१४ मध्ये त्यासाठी परवानगी मिळाली.

येथे पुण्याचा संबंध येतो. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला एकत्र फोटो छापला. दोघांच्याही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा वजन सांगतो, चरबी सांगत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने मोजलेल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत कमतरता होती ती विशेषतः स्नायू आणि पोटातील अवयवांची. कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. पुढे पुणे व लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा वजनाने कमी असूनही आपल्या बाळांत इन्शुलिन अधिक आढळले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या खेड्यांतील त्या अभ्यासातली मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्या वाढीच्या आणि साखरेच्या नोंदी पुढे अनेक वर्षे ठेवल्या गेल्या.