पौर्णिमेच्या चंद्राएवढी चूक

आष्टी तालुक्यातल्या तळेगाव श्यामजीपंतहून नागपूरचा महामार्ग धरला, की कारंजा आणि कोंढाळी मागे टाकल्यावर बाजारगावचा टापू लागतो. इथे चाकडोहला सोलार समूहाचा स्फोटकांचा कारखाना आहे. याच समूहाच्या संरक्षण कंपनीने ‘भार्गवास्त्र’ ही ड्रोनविरोधी यंत्रणा तयार केली. 13 मे 2025 रोजी ओडिशातल्या गोपाळपूरला तिची सूक्ष्म रॉकेटं डागून पाहिली गेली. आधी दोनदा एकेक, मग दोन सेकंदांच्या आत दोन. चारही रॉकेटं अपेक्षेप्रमाणे चालली. पण त्या बातम्यांत एक गोष्ट अर्ध्या ओळीत आटोपली गेली. पहिल्या फळीची ही रॉकेटं आंधळी आहेत, एकदा सुटली की त्यांना वळवता येत नाही. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात हे मागासलेपण वाटेल, पण मला यातच खरी अभियांत्रिकी दिसते.

आधी हिशेब पाहू. शत्रूचं विमान पाडायला ‘आकाश’ क्षेपणास्त्र आहे. त्याचा पल्ला सुमारे 25 किलोमीटर. पण काही हजार रुपयांचे सुटे भाग जोडून बनवलेल्या ड्रोनवर असलं क्षेपणास्त्र खर्चायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. 8 मे 2025 च्या रात्री सीमेपलीकडून 36 ठिकाणी मिळून 300 ते 400 ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं. अशा टोळधाडीपुढे महागडा भाता लवकर रिकामा होतो. भार्गवास्त्राच्या रॉकेटचा मारा अडीच किलोमीटरपर्यंत आणि फुटल्यावर 20 मीटरच्या आतलं ड्रोन निकामी, असं निर्माते सांगतात. अडीच किलोमीटरवरचे 20 मीटर म्हणजे जेमतेम अर्धा अंश. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला आकाशात तेवढाच रुंद दिसतो. थोडक्यात, नेम एका चंद्राएवढा हुकला तरी चालतो आणि एवढी सूट मिळाली की रॉकेटच्या डोक्यात महाग मेंदू बसवायची गरज उरत नाही.

यावर आक्षेप असा, की ड्रोन काही चंद्रासारखं स्वस्थ बसत नाही. खरं आहे. ताशी 100 किलोमीटरने उडणारं ड्रोन रॉकेट पोचेपर्यंतच्या पाच सेकंदांत 140 मीटर सरकतं. ते सरळ उडालं तर पुढची जागा गणिताने काढता येते, वळलं तर गणित फसतं. म्हणून एकाऐवजी अनेक रॉकेटं सोडायची आणि त्यातूनही निसटलेल्यासाठी दुसऱ्या फळीला मार्गदर्शित क्षेपणास्त्र ठेवायचं. ‘मग रेडिओ लहरीच जाम का करू नयेत?’ असंही विचारतात. सोपा आणि स्वस्त उपाय, जरूर करावा. पण युक्रेनच्या युद्धात बारीक काचतंतूची दोरी मागे सोडत जाणारे ड्रोन आले आणि आदेश त्या दोरीतूनच जात असल्याने त्यांच्यापुढे जॅमर हतबल आहे. जुन्या एल-70 विमानविरोधी तोफाही मे 2025 मध्ये कामी आल्याच, त्या टाकून द्यायचं कारण नाही.

अवघड काम रडारचं आहे. लहान ड्रोनवरून परतणारा प्रतिध्वनी पक्ष्याएवढाच असतो. लक्ष्याचं परावर्तन शंभरपट घटलं, की रडारचा पल्ला सुमारे एकतृतीयांशावर येतो (चौथ्या मुळाचा नियम), त्यामुळे 30 किलोमीटरवर लढाऊ विमान टिपणारं यंत्र ड्रोनला जेमतेम 10 किलोमीटरवर पाहतं. बगळ्यांच्या थव्यातून त्याला वेगळं काढायचं तर पंख्याच्या फिरत्या पात्यांमुळे लहरींत उमटणारी थरथर पकडावी लागते. 6 किलोमीटरवर अशी ओळख पटलेलं ड्रोन त्याच ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने अडीच किलोमीटरच्या आत यायला दोन मिनिटं लागतात. निर्णयाला मिळणारा वेळ तेवढाच.

आणि पाडलेलं ड्रोन खाली पडतं, रॉकेटचे तुकडेही पडतात. ते कुठे पडतात, हेही महत्त्वाचं. वर्धा जिल्ह्यातलं पुलगावचं दारूगोळा भांडार सुमारे 7 हजार एकरांवर पसरलेलं आहे. 31 मे 2016 च्या आगीत तिथे अधिकारी आणि जवान मृत्युमुखी पडले, तेव्हा शत्रूचं एकही ड्रोन आकाशात नव्हतं. भांडाराची जागा चौकोनी धरली तर एक बाजू पाच किलोमीटरहून थोडी जास्त भरते. प्रक्षेपक मधोमध ठेवला तर त्याचा मारा कुंपणापर्यंतही पुरत नाही, म्हणजे ड्रोन फुटेल ते कोठारांच्याच डोक्यावर. तेव्हा अशा ठिकाणी प्रक्षेपक एक असून भागणार नाही आणि ते कुंपणालगतच, चारही बाजूंना लागतील.