पुढच्या गिऱ्हाइकाचा टब

एडिसन, न्यू जर्सी : इथल्या घरांत न्हाणीघर असतं, पण मोरी नसते. जमिनीला उतार नाही, पाणी जायला जाळी नाही. घरं लाकडाच्या सांगाड्याची. वरच्या मजल्यावर बादलीभर पाणी सांडलं तर ते खालच्या खोलीच्या छतातून टपकायला लागतं. म्हणून अंघोळ टबातच. साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीन बाजूंनी भिंतींत घट्ट बसवलेला हा टब जवळजवळ प्रत्येक घरात असतो. मोठी माणसं त्यात पाणी भरून क्वचितच बसतात. पडदा ओढतात आणि उभ्यानं शॉवर घेतात. खानदेशातल्या नरडाण्याहून पहिल्यांदाच आलेली आई त्या गुडघाभर कठड्यापाशी थबकते, "हाई काय शे?" म्हणते, आणि मुलगा निमूटपणे टबात बादली आणि मग ठेवून देतो.

टब भरून अंघोळ केली तर साधारण 70 गॅलन, म्हणजे 265 लिटर पाणी लागतं, असं इथलं सरकारी पर्यावरण खातं सांगतं. आपल्याकडे जलजीवन मिशनचं मोजमाप माणशी दिवसाला 55 लिटरचं. शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्याचे टँकर बघितलेल्या माणसाला तो टब कधीच काठोकाठ भरवत नाही. पण बादलीची किंमतही टबच मोजतो. स्टीलच्या बादलीचं बूड रोज त्याच जागी घासतं, चकाकी जाते, ओरखड्यात मळ बसतो आणि पाणी जायच्या भोकाभोवती तांबूस गंज धरतो. मग घरात प्रश्न उभा राहतो : टब रंगवून घ्यायचा की काढून नवा बसवायचा?

जुना टब ही साधी वस्तू नव्हे. ओतीव लोखंडावर काचेची भुकटी टाकून ती भट्टीत वितळवायची, म्हणजे लोखंडावर काचेचा थर (इनॅमल) एकजीव होतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या शबॉयगनला जॉन मायकेल कोहलर यांनी 1883 मध्ये गुरांना पाणी पाजायच्या लोखंडी डोणीला असाच थर दिला आणि ती अंघोळीचा टब म्हणून विकली, असं कंपनी सांगते. पहिल्या गिऱ्हाइकानं, एका शेतकऱ्यानं, तिच्यासाठी एक गाय आणि चौदा कोंबड्या दिल्या, अशीही गोष्ट आहे. त्याच कोहलरचा कारखाना आज आपल्या शेजारी, भरूच जिल्ह्यातल्या झगडियाला आहे. असा टब दीडशे किलोच्या आसपास भरतो. 1950च्या दशकातल्या घरांत तो गुलाबीही सापडतो. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांना तो रंग फार आवडे, आणि अर्ध्या देशानं त्यांचं अनुकरण केलं.

आता हिशेब ऐका, कारण अमेरिका कळते ती इथेच. इनॅमल दिलेला साधा पत्र्याचा नवा टब तीनशे डॉलरच्या आसपास मिळतो. जुना रंगवायला मात्र पाचशेच्या आसपास लागतात. म्हणजे नव्या वस्तूपेक्षा जुन्या वस्तूचा रंग महाग! तरी लोक रंगवतात, कारण बदलण्याचा खर्च टबाचा नसतोच. भिंतीच्या खालच्या टाइल्स फोडायच्या, लोखंडी टब जिन्यावरून उतरत नाही म्हणून घणानं जागीच तुकडे करायचे, परवानाधारक प्लंबर बोलवायचा, टाइल्स पुन्हा बसवायच्या. बघता बघता आकडा काही हजारांवर जातो. वस्तू स्वस्त आणि माणसाचा हात महाग असलेल्या या देशात लोक टोस्टर, खुर्ची, टीव्ही बिनदिक्कत फेकतात. टब भिंतीत अडकलेला म्हणून वाचतो.

रंगवणं म्हणजे कल्हई समजू नका. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील वितळून धातूला धरतं. इथे सगळं थंड. टब आम्लानं किंवा घासून खरखरीत करतात आणि त्यावर दोन भागांचं रसायन फवारतात. चांगल्या हातानं केलं तर सात-दहा वर्षं टिकतं. दुकानातून डबा आणून स्वतः केलं तर त्याहून बरंच कमी. पुढेही पथ्य असतं : खरखरीत पावडर नको, चोषकांची रबरी चटई नको, कारण ती ओढताना थरही ओढते. स्टीलची बादली तर नकोच.

या कामाची एक काळी बाजूही आहे. आधीचा रंग काढायला मिथिलीन क्लोराइड वापरत. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टबात साचते, आणि वर ओणवा झालेला कामगार बंद खोलीत तीच श्वासात घेतो. 2000 ते 2011 या काळात टब रंगवणारे 13 कामगार या रसायनानं मेल्याची नोंद इथल्या रोगनियंत्रण केंद्रानं 2012 मध्ये छापली. 2019 मध्ये रंग काढायचं हे द्रव्य किरकोळ गिऱ्हाइकाला विकायला बंदी झाली, पुढे 2024 मध्ये बहुतेक वापरांवर आली. कंत्राटदार ठरवताना दराच्या आधी हे विचारावं : कोणतं रसायन वापरतोस, आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा आणतोस का?

तिसरी वाटही आहे : टब काढून सपाट जमिनीची शॉवरची जागा करायची. म्हाताऱ्या आईबापांना तीच बरी. ओल्या कठड्यावरून पाय टाकताना पडायची भीती राहत नाही. पण घरांचा दलाल लगेच बजावतो, निदान एक टब ठेवा, लहान मुलांचं कुटुंब टबाशिवाय घर घेत नाही. खानदेशात घर नातवंडांसाठी बांधतात. इथे राहता राहताच ते न पाहिलेल्या गिऱ्हाइकासाठी सजवायचं असतं. मला हे खटकतं. विकायला दहा वर्षं असतील आणि आई दर उन्हाळ्यात येत असेल, तर दलालाचं ऐकू नये.

ओळखीच्या एका शिंदखेड्याच्या कुटुंबानं दोन्ही साधलं. खालच्या मजल्यावरचा टब काढून तिथे उताराची फरशी, जाळी आणि भिंतीला धरायची दांडी बसवली. वरचा, मुलांचा, रंगवून घेतला. दोन दिवस वास राहतो आणि पाणी बंद असतं, म्हणून काम एप्रिलमध्येच उरकलं. आईवडील मे महिन्यात येतात. खालच्या जागेला आई मोरीच म्हणतात, आणि स्टीलची बादली तिथेच ठेवलीय.