बायकांची जिम : कुणाला, केव्हा आणि कशासाठी?

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. एक पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई यजमानांचा रक्तदाब तपासून घ्यायला आल्या होत्या. काम आटोपले, औषधे लिहून झाली आणि निघता निघता बाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या आळीत फक्त बायकांची जिम निघाली आहे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत आहे. जाऊ का?"

यजमान लगेच म्हणाले, "मागे व्यायामाची सायकल घेतली होती. तिच्यावर आता टॉवेल वाळतात."

बाई ओशाळल्या. मी म्हटले, "पैसे भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे द्या. तुम्हाला जायचे कशासाठी? आणि तुमच्या दिवसातला नेमका कोणता तास तुमचा स्वतःचा आहे?" पहिल्याचे उत्तर तत्काळ आले, "वजन कमी करायला." दुसऱ्याचे उत्तर काही आले नाही.

हल्ली तालुक्याच्या गावांतूनही बायकांसाठी स्वतंत्र जिम निघत आहेत. आपल्याकडे पुरुषांसाठी तालमी पूर्वीपासून होत्या. बायकांना मात्र मोकळेपणाने हातपाय हलवायला हक्काची जागा नव्हती. ती मिळते आहे ही चांगलीच गोष्ट आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांना आणि ४२ टक्के पुरुषांना पुरेशी शारीरिक हालचाल मिळत नव्हती. तेव्हा जिमला जावे की नाही, यापेक्षा आपल्याला ती कशी मानवेल, याचा विचार करू या.

घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे काय?

हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. केर-फरशी, धुणी, पाणी भरणे ही सारी हालचालच आहे आणि ती निश्चितच उपयोगी आहे. पण घरकामात तेच स्नायू त्याच पद्धतीने, तेवढ्याच ताकदीने वापरले जातात. शरीराला त्याची सवय होऊन जाते. स्नायू बळकट व्हायचे तर त्यांच्यावरचा भार हळूहळू वाढवावा लागतो. शिवाय मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र आणि दारात येणारी भाजी यांनी पूर्वीची बरीच मेहनत कमी केली आहे.

मात्र जी भगिनी दिवसभर शेतात खुरपते किंवा बांधकामावर घमेली वाहते, तिला जिमची गरज नाही. तिला गरज आहे ती पोटभर डाळ-उसळीची, लोहाच्या गोळ्यांची आणि विश्रांतीची.

माझे काय चुकले

आता थोडे माझ्याविषयी. व्यवसायाची पहिली वीस-बावीस वर्षे मी प्रत्येक स्त्री रुग्णाला एकच सल्ला देत आलो : "रोज चाला." सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, माझे ऐकून रोज पहाटे चालायला जायची. वर्षानुवर्षे तिने खंड पाडला नाही. चौसष्टाव्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्यात तिचा पाय अडखळला, हात टेकला आणि मनगट मोडले. प्लॅस्टर निघाल्यावर तिला खाली बसून उठायला सांगितले, तर आधाराशिवाय उठता येईना. हृदय ठणठणीत होते, पण मांड्यांत आणि दंडांत बळ उरले नव्हते. ती मला म्हणाली, "अरे, तू चालायला सांगितलंस, मी चालले. आणखी काय करायचं ते सांगितलं नाहीस." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वय वाढते तसे स्नायू झडतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर हाडांतील घनताही झपाट्याने कमी होते. चालण्याने हृदय, रक्तदाब, साखर यांना फायदा होतो, पण हातांच्या आणि पाठीच्या स्नायूंवर पुरेसा भार पडत नाही. तो पडतो वजने उचलण्याच्या किंवा ताण देण्याच्या व्यायामाने. जिमचा खरा उपयोग इथे आहे.

आणि उशीर झाला असे कधीच नसते. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातील दहा स्वयंसेवकांना आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. अक्का आज घरीच खुर्चीवरून उठबस करते आणि दोन्ही हातांत दोन-दोन किलो तांदळाच्या पिशव्या घेऊन व्यायाम करते. आता ती हात न टेकता उठते.

वेळेचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे. याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याच्या व्यायामाचीही भर घालावी.

यातले 'दोन दिवस' हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. बहुतेक बायका जिम म्हणजे रोजचे व्रत समजतात. दोन दिवस पाहुणे येतात, मुलाला ताप येतो, आठवडा चुकतो आणि 'आता मोडलेच' म्हणून कायमचे बंद होते. वास्तविक चालणे रस्त्यावर, गच्चीवर, शाळेच्या मैदानावर फुकट होते. जिममध्ये आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास गेले तरी बळाच्या व्यायामाची किमान गरज भागते. फक्त दोन वारांत निदान एक-दोन दिवसांचे अंतर असावे, कारण थकलेल्या स्नायूंना सावरायला वेळ लागतो.

आता आपापला दिवस पाहा. घरची गृहिणी सकाळी सहा ते नऊ डबे, नळाचे पाणी आणि मुलांची शाळा यांत अडकलेली असते. तिला मोकळीक मिळते ती दुपारी. आणि नेमक्या त्याच वेळी, अकरा ते चार, पुष्कळ जिम कुलूपबंद असतात! अशा जिमचे वर्षाचे पैसे भरण्यात अर्थ नाही. शिक्षिकेला शाळा सुटल्यावरची पाच ते सहा ही वेळ बरी. एकदा घरात पाऊल टाकले की पुन्हा बाहेर पडणे होत नाही. परिचारिकेची ड्युटी दर आठवड्याला बदलते. तिने ठरावीक बॅचच्या जिममध्ये नाव घालू नये; कोणत्याही वेळी येऊ देणारी जिम पाहावी आणि रात्रपाळी उतरल्या उतरल्या वजने उचलू नयेत, आधी झोप घ्यावी. एसटीने ये-जा करणाऱ्या नोकरदार स्त्रीने रविवार आणि मधला एक वार धरावा.

यातले काहीच जमत नसेल तर घरी खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दहा दंड आणि भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलणे, अशी दोन-तीन आवर्तने करावीत. जिमला न गेल्याचे मनाला लावून घेऊ नये.

उद्देश कोणता?

वजन : एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. अर्धा तास भराभर चालण्यात साधारण दीडशेच्या आतबाहेर खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट भरतात. म्हणजे वजनाचा निकाल मुख्यतः स्वयंपाकघरात लागतो. व्यायाम स्नायू राखतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देत नाही. पोटाचे व्यायाम केले म्हणून केवळ पोटाचीच चरबी जात नाही. घाम काढणारे पट्टे आणि वाफ यांनी पाणी जाते, चरबी नव्हे. काट्यापेक्षा कमरेच्या घेरावर लक्ष ठेवावे. आपल्याकडील स्त्रियांत तो ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा.

मधुमेह : जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. म्हणून स्नायू कमावणे हा साखरेवरचा उपायच आहे. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. आहार-व्यायामाच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारशी घट न होता. तेव्हा काटा हलला नाही म्हणून निराश होऊ नये.

हाडे आणि गुडघे : पाळी जाण्याच्या वयातील प्रत्येक स्त्रीने बळाचा व्यायाम औषधासारखा नेमाने करावा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचे दुखणेही पुष्कळदा कमी होते.

तरुण मुली : "वजने उचलली तर मी पुरुषासारखी दिसेन का?" असे मुली विचारतात. तसे होत नाही. पुरुषी स्नायूंना लागणारे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात फार थोडे असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात दोन प्रकारांत मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. तिच्याकडे पाहा. पाळी अनियमित असणाऱ्या मुलींना तर व्यायाम विशेष हितकर ठरतो. पाळीच्या दिवसांतही बरे वाटत असेल तर व्यायामाला हरकत नाही.

आधी डॉक्टरांना विचारावे असे

काही भगिनींनी मात्र थेट जिम गाठू नये. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, चक्कर येणे असे काही असेल तर आधी तपासणी. रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वजने नकोत. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो पंडुरोग समजावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. अशी बाई व्यायामाने थकते आणि 'मला झेपत नाही' म्हणून सोडून देते. दोष तिचा नसतो, रक्ताचा असतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि पिशवीत साखर ठेवावी. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर जड वजने उचलण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी तपासणी करून मगच सुरुवात करावी. सिझेरियन झाले असेल तर आणखी सबुरीने. आणि एक गोष्ट बायका लाजेपोटी सांगत नाहीत : खोकताना लघवी होणे किंवा अंग बाहेर येणे. अशा वेळी श्वास रोखून जड वजन उचलल्यास त्रास वाढतो. निःसंकोच सांगा, त्यावर उपचार आहेत. एरवीही वजन उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये.

पैसे भरण्याआधी

ज्या वेळी जाणार त्याच वेळी आठवडाभर जाऊन पाहा. शिकवणारी बाई त्या वेळी हजर असते का? ती तुमचे आजार विचारते का, कोणते वजन उचलले ते वहीत लिहिते का? स्वच्छ संडास आहे का? नसेल तर बायका पाणी पीत नाहीत. परतीच्या वाटेवर दिवे आहेत का? पंजाबी ड्रेस चालतो, पण ओढणी घरी ठेवावी. चालत्या पट्ट्यात अडकली तर अपघात होतो. भुकटीचे डबे गळ्यात मारले जात असतील तर सरळ नको म्हणावे. बहुतेकींची प्रथिनांची गरज दूध, डाळ, उसळी, शेंगदाणे, अंडी यांतून भागते. आणि पैसे पहिले तीन महिने तरी महिन्याच्या महिन्यालाच भरावेत.

त्या बाई पंधरा दिवसांनी उत्तर घेऊन आल्या : "दुपारी साडेबारा ते दोन." जिम तेव्हा बंद असायची. आळीतल्या पाच जणी मिळून मालकिणीकडे गेल्या आणि मंगळवार-शुक्रवार दुपारी जिम उघडी राहू लागली. परवा त्या दवाखान्यात आल्या. वजन जेमतेम एक किलो उतरले आहे, त्याची थोडी खंत आहे. पण यजमान हळूच म्हणाले, "गॅसचा सिलिंडर आता हीच सरकवते. मला हाक मारत नाही."

सायकलवरचे टॉवेल मात्र अजून तिथेच आहेत म्हणे.