आधी खेळगडी, मग कोर्ट

अमेरिकेत रॅकेटबॉल खेळायचं मनात आलं की बहुतेकांची वाट शेवटी एखाद्या खासगी जिमच्या काउंटरपाशी येते. तिथे आधी तरणतलाव दाखवतात, मग वजनं, सॉना आणि जाता जाता मागच्या बाजूची दोन कोर्टं. महिन्याची फी ऐकून माणूस मनात भागाकार करतो: आठवड्यातून तीनदा आलो तर एका खेळाला इतके डॉलर, म्हणजे परवडलं. हा भागाकारच चुकतो, कारण त्यातला ‘तीनदा’ एकट्याच्या हातातला नसतो. रॅकेटबॉल म्हणजे बंद खोलीत भिंतीवर रॅकेटने चेंडू मारण्याचा खेळ; त्याला दुसरा माणूस लागतो. आपल्या सवडीच्या वेळी, आपल्या ताकदीचा गडी जिथे येतो तिथलंच सभासदत्व घ्यावं. बाकी सगळं त्यानंतर बघावं.

‘तीनदा’ हा आकडा किती फसवा असतो, याचा पुरावा आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी तीन अमेरिकन हेल्थ क्लबांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठोक फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. एका फेरीला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरीमागे १० डॉलरमध्ये भागलं असतं. यावर कोणी म्हणेल की ट्रेडमिलवर एकट्याने धावणं कंटाळवाणं, खेळाची ओढ वेगळी. वेगळी आहेच. पण ती येते कुठून? गुरुवारी साडेसहाला कोर्टाच्या दाराशी कोणीतरी आपली वाट पाहत असेल, या जाणिवेतून. ऑफिसातून दमून निघालेला माणूस ट्रेडमिलला सहज टांग देतो; ताटकळत उभ्या असलेल्या माणसाला टांग देणं त्याच्या जिवावर येतं. ठरलेला गडी नसेल तर भिंतीवर एकट्याने चेंडू मारत राहणं ही ट्रेडमिलच झाली.

कोर्ट टिकणार की नाही, हेही गड्यांवरच ठरतं. कोर्ट चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि वीस फूट उंच. म्हणजे आठशे चौरस फुटांत एका वेळी दोन माणसं, फार तर चार. १९७० च्या दशकात या खेळाची लाट आली आणि क्लबांनी धडाधड कोर्टं बांधली. लाट ओसरल्यावर त्यांतल्या कितीतरी कोर्टांत एरोबिक्सचे वर्ग आणि वजनं आली. जागेचं भाडं मोजणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं? संध्याकाळी कोर्ट रिकामं मिळतं, ही सोय वाटते, पण तो धोक्याचा इशारा आहे. म्हणून आरक्षणाचा तक्ता आधी पाहावा.

मग कोर्टात शिरावं आणि पुढच्या भिंतीच्या तळाशी वाकून पाहावं. जमिनीपासून वीतभर उंचीवर चेंडूच्या घासल्याच्या खुणांची दाटी असेल तर तिथे किल शॉट, म्हणजे परतवता न येणारा खालचा फटका, मारणारे मुरलेले लोक येतात. सगळ्या खुणा छातीच्या उंचीवर असतील तर नवख्यांचा राबता जास्त. भिंतीवर ठिकठिकाणी मूठ आपटावी. एखाद्या जागी पोकळ आवाज आला तर तिथे चेंडू मरण्याची शक्यता धरावी. नियमाप्रमाणे शंभर इंचांवरून सोडलेला चेंडू ६८ ते ७२ इंच उसळायला हवा. कोपऱ्याकोपऱ्यात तो टाकून पाहिला की लाकडी जमिनीचीही कल्पना येते. तरी सर्वांत महत्त्वाची गोष्ट खेळणाऱ्यांच्या अंगात दिसते. इथे मध्ये जाळी नाही, दोघेही एकाच खोलीत रॅकेट फिरवतात. समोरचा आड आला की जो हात आवरतो, ‘हिंडर’ म्हणून थांबतो आणि डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय आत येत नाही, तो गडी महागड्या सॉनापेक्षा मोलाचा.

वायएमसीए किंवा विद्यापीठाचं कोर्ट स्वस्तात मिळत असताना खासगी जिम कशाला, हा आक्षेप रास्त आहे. तिथे गडी मिळत असतील तर जरूर तिथेच जावं. कनेक्टिकटमधल्या ग्रिनिच इथे जो सोबेक यांनी १९५० च्या सुमारास हा खेळ सुरू केला तोही वायएमसीएतच. ‘एकदा सभासद झालो की ओळखी होतील’ हे म्हणणं मात्र मला पटत नाही. ओळखी होतात, पण जोडी जुळायला दोघांचा दर्जा जवळचा लागतो. महाराष्ट्रात बॅडमिंटन खेळून अमेरिकेत गेलेल्यांना हे लवकर जाणवेल. मनगट त्यांना साथ देतं, पण शटल पडण्याआधी गाठायची सवय आड येते. इथे मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या चेंडूसाठी थांबायला शिकावं लागतं. हे शिकेपर्यंतचे काही महिने सांभाळून घेणारा गडी हवा, आणि तो आहे का हे करारावर सही करण्याआधीच कळू शकतं. पाहुण्यांचा पास मागावा, दोन-तीन आठवडे त्याच वारी, त्याच वेळी जावं. तक्त्यावर तीच चार नावं पुन्हा दिसली आणि त्यांतल्या एकाने आपणहून पुढच्या गुरुवारचं विचारलं, तर त्याच संध्याकाळी फी भरायला हरकत नाही.