नानकटाई हाताने की यंत्राने?

रमजान लागला की मोहल्ल्यातील पुष्कळ भगिनी घरी नानकटाई, शामी कबाब करून विकतात. यंत्र घ्यावे काय, असे त्यांच्या घरचे आम्हाला विचारतात. आमचा धंदा कापडाचा. पण हातमाग की यंत्रमाग हे जसे मालावरून ठरते, तसेच हेही.

नानकटाईसाठी तूप व पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसावी लागते. हे हवा भरण्याचे काम. हाताने दंड भरून येतात, विजेचा बीटर ते थोड्या वेळात करतो. तिथे यंत्र जरूर लावावे. मैदा मात्र हातानेच मिसळावा, आणि मळू नये, नुसता गोळा करावा. जास्त घोटला की मैद्याला चिवटपणा येतो, नानकटाई खुसखुशीत न होता कडक होते. मग ते गिऱ्हाईक पुढच्या ईदला फिरकत नाही.

शामी कबाबला पाटाच बरा. शिजलेला खिमा व चणाडाळ मिक्सरमध्ये सलग फिरवली की लगदा होतो, मांसाची रेषा राहत नाही. मिक्सरच लावायचा तर पाणी पुरते आटवून, थोडे थोडे, थांबत थांबत वाटावे.

विजेचे भय नको. 500 वॅटची मोटार पूर्ण जोराने दोन तास चालली तर एक युनिट जळते. खरा खर्च मोटार जळण्याचा. घरगुती यंत्र सलग चालण्यासाठी नसते. किती मिनिटांनी थांबावे, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहावे. व्याजाच्या हप्त्यावर तर घेऊच नये. शेजारच्या दोन घरांनी मिळून एक बीटर रोखीने घ्यावा आणि दिवस वाटून घ्यावेत.